कपातीचा दिवस आणि नंतरचे सहा महिने : पुण्यातील आयटी कंपन्यांसाठी एक मार्गदर्शक

हिंजवडीत किंवा खराडीत कर्मचारीकपातीची बातमी सीईओंच्या मेलमधून क्वचितच कळते. ती आदल्या दिवशीच फुटलेली असते. एका मजल्यावरच्या सगळ्या मीटिंग रूम सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत एचआरच्या नावाने बुक झालेल्या दिसतात, महिनोन्‌महिने घरून काम करणारे वरिष्ठ अचानक एकाच दिवशी ऑफिसात हजर होतात आणि दुपारच्या चहाला टपरीवर जमलेले चौघे या गोष्टींची सांगड घालून मोकळे होतात. रात्रीपर्यंत वाकड, रावेत आणि पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडाही फिरू लागतो, आणि तो बहुधा खऱ्या आकड्याच्या दुप्पट असतो.

मी वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यातील आयटी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम केले आहे आणि तीन वेळा कपातीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे जिथून जाणाऱ्याला पैशांचे आणि कागदपत्रांचे पाकीट दिले जाते. पहिल्या खेपेला, २००९ च्या मंदीत, आम्ही जवळजवळ सगळे चुकीचे केले. हा लेख दोनशे ते हजार माणसांच्या कंपन्यांचे मालक, एचआर प्रमुख आणि परदेशी कंपन्यांच्या पुण्यातील केंद्रांचे प्रमुख यांच्यासाठी आहे. मनोधैर्य सांभाळणे एचआरचे काम आणि नाव सांभाळणे मार्केटिंगचे काम, अशी वाटणी अनेक ठिकाणी केली जाते. माझ्या अनुभवात ती टिकत नाही, कारण मागे राहिलेले सहकारी आणि बाहेरचे जग हे दोघेही एकाच गोष्टीकडे पाहत असतात : गेलेल्या माणसाशी कंपनी कशी वागली. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्या जाणाऱ्यांविषयीच आहेत.

पहिली पायरी : आकडा ठरवण्याआधी हिशेब पुरा करा

कपातीचा प्रस्ताव नेहमी एका तक्त्याच्या रूपात येतो आणि त्या तक्त्यात फक्त वाचणारा पगार असतो. समजा, चारशे जणांच्या कंपनीतून चाळीस जणांना कमी करायचे आहे आणि दरडोई मासिक खर्च सरासरी १.२५ लाख रुपये आहे. तक्ता सांगतो की महिन्याला ५० लाख आणि वर्षाला ६ कोटी रुपये वाचतील. त्यातून दोन महिन्यांच्या नोटिशीचा पगार वजा केला की १ कोटी जातात. सरासरी सेवा चार वर्षांची धरून दर वर्षामागे १५ दिवस या दराने भरपाई दिली की आणखी सुमारे १ कोटी जातात. शिल्लक रजेचे पैसे वेगळेच.

इथवरचा हिशेब अर्थ विभाग करतो. पुढचा कोणी करत नाही. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की कपातीनंतर स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाणही वाढते, आणि जिथे कर्मचाऱ्यांना निर्णयाची पद्धत न्याय्य वाटावी अशी व्यवस्था असते तिथे ही वाढ सौम्य राहते. आपल्या उदाहरणात नेहमीपेक्षा पंधरा जण जास्त गेले असे धरू. भरती करून देणाऱ्या सल्लागार संस्थेचे शुल्क वार्षिक पगाराच्या नेहमीच्या ८.३३ टक्के दराने, म्हणजे प्रत्येकी १.२५ लाख रुपये धरले, तर १८.७५ लाख रुपये केवळ माणसे शोधण्यात जातात. त्याहून मोठा फटका पुढे आहे, कारण नव्या माणसाचा आधीच्या कंपनीतला नोटीस पिरियड बहुधा ९० दिवसांचा असतो, तोवर खुर्ची रिकामी राहते आणि त्या जागेचे क्लायंटकडून मिळणारे बिलिंगही थांबते. शिवाय स्वतःहून जाणारे पंधरा जण तुम्ही निवडलेले नसतात. ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते तेच आधी जातात.

हा हिशेब मांडल्यावरही कपात अटळ ठरत असेल तर दोन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे ती वरून सुरू व्हावी. संचालकांचे आणि वरिष्ठांचे बदलते वेतन शाबूत ठेवून बेंचवरच्या, म्हणजे हाती प्रकल्प नसलेल्या, दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलांना कमी केले, तर पुढचे कोणतेही निवेदन ऐकून घेतले जात नाही. दुसरे पथ्य म्हणजे कपात एकदाच करावी. दर दोन महिन्यांनी दहा-दहा जणांना कमी केले तर चौकशा कमी होतात असे काही जणांना वाटते, परंतु त्यामुळे उरलेला प्रत्येक माणूस दर दोन महिन्यांनी आपला बायोडेटा अद्ययावत करतो.

दुसरी पायरी : काढत असाल तर काढत आहोत असेच लिहा

पुण्यातील आयटी क्षेत्रातली सर्वांत वाईट सवय म्हणजे राजीनामा मागणे. एचआर खोलीत बोलावते, पोर्टलवर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा राजीनामा भरायला सांगते आणि न भरल्यास टर्मिनेशनचा शेरा बसेल, मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये (पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीत) अडचण येईल, असे सूचित करते. कंपनीला यात सोय दिसते, कारण कागदोपत्री कपात झालेलीच नसते आणि भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र प्रत्यक्षात एकाच दिवशी चाळीस जणांना एकसारखे वैयक्तिक कारण सुचले यावर ना मागे राहिलेले सहकारी विश्वास ठेवतात, ना कामगार आयुक्तांचे कार्यालय. आयटी कर्मचाऱ्यांच्या बाजूने तक्रारी करणारी ‘नाइट्स’ ही संघटना पुण्यातूनच काम करते आणि सक्तीचे राजीनामे हा तिच्या तक्रारींचा नेहमीचा विषय आहे. कपातीने कंपनीचे जेवढे नाव खराब होते त्याहून कितीतरी जास्त या पद्धतीने होते, कारण कपातीत कंपनी अडचणीत असल्याचे दिसते आणि सक्तीच्या राजीनाम्यात ती खोटे बोलताना दिसते.

कायद्याची चौकट समजून घेऊन तिच्या आत राहणे अवघड नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कपातीच्या मूळ अटी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही पुढे चालू आहेत. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे (आणि सहा महिन्यांहून जास्त असलेल्या उरलेल्या काळासाठीही) १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते आणि शासनाला कळवावे लागते. त्याच प्रकारच्या कामावर शेवटी आलेल्याला आधी कमी करावे हा साधारण नियम आहे. तो बाजूला ठेवायचा असेल तर कारणे नोंदवावी लागतात. नव्या संहितेने यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली असून, कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचे वेतन मालकाने त्यात भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे अशी तरतूद आहे. वेतन संहितेनुसार कमी केलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ‘फुल अँड फायनल (अंतिम हिशेब) पंचेचाळीस दिवसांत होईल’ हे आपल्याकडचे पाठ झालेले वाक्य त्यामुळे आता बदलायला हवे.

सॉफ्टवेअर इंजिनिअर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कामगार आहे की नाही, हा वाद पदनामावर मिटत नाही. तो माणूस प्रत्यक्षात काय काम करतो, हे पाहिले जाते. कंपनीच्या वकिलांना या वादात उतरण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा की मॅनेजर असो वा टेस्टर, किमान भरपाई सर्वांना एकाच सूत्राने द्यावी. कोर्टातल्या एका प्रकरणाच्या खर्चात पाच जणांची भरपाई भागते, आणि मुख्य म्हणजे कोणाला कमी मिळाले याची चर्चाच उरत नाही.

तिसरी पायरी : यादी तिऱ्हाइताच्या नजरेतून तपासा

यादी करण्याचा निकष आधी एका वाक्यात लिहावा आणि मगच नावे भरावीत. ‘अमुक उत्पादनाचे काम बंद होत आहे, म्हणून त्या गटातील जागा रद्द होत आहेत’ हे वाक्य उरलेल्यांसमोर उभे राहून वाचता येते. ‘व्यवस्थापनाच्या मते योग्य वाटलेले’ हे वाचता येत नाही. नावे भरल्यावर, त्या गटांशी संबंध नसलेल्या दोन वरिष्ठांनी यादीतील प्रत्येक नावाला निकष लावून पाहावा.

काही तपासण्या चुकवू नयेत. प्रसूतिरजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात कामावरून कमी करणे पूर्वी मातृत्व लाभ कायद्याने आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेने बेकायदेशीर आहे. दीर्घ आजारपणाच्या रजेवरच्या माणसाचे नाव यादीत आले असेल तर ते निकषाने आले की सोयीने, हे विचारावे. पुण्यात नवरा-बायको एकाच कंपनीत असणे अगदी सर्रास आढळते; दोघांची नावे एकाच दिवशी निघत असतील तर एका घराचे दोन्ही पगार एका सकाळी थांबतात, आणि तुमच्या एक्सेल शीटला ही गोष्ट दिसत नाही. अमेरिकेत क्लायंटकडे एच-१बी व्हिसावर असलेल्या सहकाऱ्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, तेव्हा त्याला इथल्या जागेवर परत घेता येईल का, हे आधी पाहावे.

आणि कारण खर्चाचे असेल तर कामगिरीचे नाव घेऊ नये. मेटाने २०२५ च्या फेब्रुवारीत सुमारे ५ टक्के लोकांना कमी करताना ते कमी कामगिरी करणारे आहेत, असे आधीच जाहीर करून ठेवले होते. त्यातल्या अनेकांनी आपली चांगली मूल्यमापने उघडपणे मांडली आणि चर्चा कंपनीच्या शब्दाची झाली. गेल्या एप्रिलच्या अप्रेझलमध्ये ज्याला तुम्ही चांगला शेरा दिला, त्याला जुलैत निकामी ठरवले की बाकीच्यांचे अप्रेझलही त्याच दिवशी कागदाचा कपटा होते.

चौथी पायरी : पाकिटात काय हवे

पैशांची रक्कम महत्त्वाची आहेच, पण पाकीट उघडल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा. पुण्यात नोकरी करणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक मुलामुलींनी गावाकडच्या आई-वडिलांना कंपनीच्या गट विम्यात घातलेले असते, कारण साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला बाहेर विमा महाग पडतो किंवा मिळतच नाही. शेवटच्या कामाच्या दिवशी हा विमा संपतो. कोणाच्या वडिलांची बायपास पुढच्या आठवड्यावर असेल तर त्या एका कुटुंबाची गोष्ट संपूर्ण कंपनीची गोष्ट होते. म्हणून विमा कंपनीशी आधीच बोलून तीन ते सहा महिने संरक्षण चालू ठेवावे. चाळीस कुटुंबांचा हा खर्च एकूण रकमेत फार मोठा नसतो. गट विम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि पूर्ण केलेल्या प्रतीक्षाकाळाचा लाभ मिळू शकतो, पण त्यासाठी गट विमा संपण्याआधीच हालचाल करावी लागते. ही माहिती आणि अर्जाचा नमुना पाकिटातच असावा.

त्याशिवाय रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र त्याच दिवशी सहीशिक्क्यासह तयार असावे आणि त्यात ‘पद रद्द झाल्यामुळे’ असे स्वच्छ लिहिलेले असावे. ग्रॅच्युइटीचा हिशेब (पाच वर्षे सेवा झालेल्यांसाठी अंतिम मासिक वेतनाच्या १५/२६ पट, गुणिले सेवेची वर्षे) वेगळ्या कागदावर द्यावा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने वेळेत नोंदवावी. ती राहिली तर कर्मचाऱ्याला स्वतः नोंदवण्यासाठी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावे लागते, आणि नेमके तेच दोन महिने अडचणीचे असतात. लॅपटॉप जुना असेल तर पुसून त्यालाच देऊन टाकावा.

पाकिटात एक गोष्ट नसावी. कायद्याने देय असलेली रक्कम मिळण्यासाठी ‘कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही’ या कागदावर सही मागू नये. तो कागद आधी फोटो होऊन बाहेर पडतो आणि मगच त्यावर सही होते.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष दिवस

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखांनी सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर, काही मिनिटांत कामावरून कमी केल्याचे सांगितले आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरच्या अनेक कर्मचाऱ्यांना लॅपटॉप उघडेनासा झाला तेव्हा आपली नोकरी गेल्याचे कळले. याउलट मे २०२० मध्ये एअरबीएनबी या कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० जणांना कमी करताना लिहिलेल्या जाहीर पत्रात निर्णयाची कारणे, निवडीची पद्धत आणि मिळणाऱ्या रकमेचे सूत्र एकापाठोपाठ एक मांडले, लॅपटॉप ठेवून घेऊ दिले आणि कंपनीच्या भरती विभागातील काही जणांना गेलेल्यांसाठी नोकऱ्या शोधण्याच्या कामाला लावले. तिन्ही ठिकाणी माणसे गेलीच, पण तिसऱ्या कंपनीचे पत्र आजही नमुना म्हणून वाचले जाते.

परदेशी मुख्यालय असलेल्या केंद्रांची अडचण वेळेची असते. कॅलिफोर्नियात सकाळी नऊला पाठवलेला मेल पुण्यात उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला पोहोचतो, आणि माणूस रात्रभर जागा राहतो. केंद्रप्रमुखाने यासाठी मुख्यालयाशी भांडायलाच हवे. पुण्याच्या सकाळी दहाला तिकडे आदली रात्र असते, तेव्हा पुण्यातील बैठका आधी उरकून जागतिक घोषणा नंतर करणे शक्य असते. ते मान्य झालेच नाही तर रात्रीच्या मेलसोबत पुण्यासाठी दोन ओळी जाव्यात : इथल्या काही जागांवर परिणाम होणार आहे आणि ज्यांच्यावर होणार आहे त्या प्रत्येकाला उद्या अकरापर्यंत समोरासमोर सांगितले जाईल. वार मंगळवार किंवा बुधवार असावा. शुक्रवारी संध्याकाळी सांगितले की शनिवार-रविवार वकील, बँक, एचआर कोणीही हाताशी नसते. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर हे करू नये, हे सांगायला लागू नये, पण दोनदा ते होताना मी पाहिले आहे.

बातमी सांगणारा माणूस जाणाऱ्याचा रोजचा मॅनेजर असावा आणि एचआर शेजारी असावी. अनोळखी चेहऱ्याने सांगितलेली गोष्ट अपमान म्हणून लक्षात राहते. एका मॅनेजरला एका सकाळी तीनपेक्षा जास्त बैठका देऊ नयेत आणि आदल्या दिवशी त्यांचा सराव करून घ्यावा. पहिल्या मिनिटात मुद्द्यावर यावे. साधारण असे म्हणता येईल : ‘प्रसाद, बातमी चांगली नाही, म्हणून आडवळण घेत नाही. आपल्या गटातल्या सहा जागा कंपनी रद्द करते आहे आणि त्यात तुझी जागा आहे. हा निर्णय झालेला आहे, तो आजच्या बोलण्याने बदलणार नाही. तुझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती आणि तसे पत्रातही लिहिले आहे. आता पैसे, विमा आणि तारखा सांगतो. तुला मध्ये थांबवावेसे वाटले तर थांबव.’

भाषेकडे लक्ष असावे. जो मॅनेजर वर्षानुवर्षे ‘अरे, जेवलास का?’ म्हणत आला, तो त्या दिवशी अचानक इंग्रजीत शिरला किंवा ‘तुम्ही’वर आला की समोरच्याला दाराचा कडी-कोयंडा लागल्याचा आवाज ऐकू येतो. ज्या भाषेत रोज बोलत होता त्याच भाषेत बोलावे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ आणि ‘मला याचा किती त्रास होतोय’ ही दोन वाक्ये मात्र कोणत्याच भाषेत नकोत.

पुढची व्यवस्था बारीक आहे, पण लोक नेमकी तीच सांगत फिरतात. क्लायंटच्या सर्व्हरचा आणि कोडचा ॲक्सेस लगेच बंद करणे समजण्यासारखे आहे. मेल आणि चॅट संध्याकाळपर्यंत चालू राहू द्यावे, म्हणजे माणसाला निरोप घेता येतो, पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ उतरवून घेता येतात. सकाळी अकराला बातमी मिळालेल्या माणसाला साडेसहाच्या कंपनीच्या कॅबची वाट पाहत बसवू नये. गाडी तयार ठेवावी. बाइकवर आलेल्यालाही ती देऊ करावी, कारण त्या मनःस्थितीत हिंजवडी ते कात्रज हे अंतर थोडे नाही. डेस्कपाशी सुरक्षारक्षक उभे करू नयेत. २००९ मध्ये आम्ही गेटवर रक्षकांसमोर एक पुठ्ठ्याचे खोके ठेवले होते आणि जाणाऱ्याने आपले ओळखपत्र त्यात टाकून जायचे होते. भरपाई आम्ही नियमाप्रमाणे दिली होती. ती कोणाला आठवत नाही. खोके अजून आठवते.

सहावी पायरी : जे राहिले त्यांच्यासाठी

शेवटची बैठक संपल्यावर तासाभरात केंद्रप्रमुखाने सर्वांसमोर उभे राहावे. ‘आता यादी पूर्ण झाली आहे, ज्यांना सांगायचे होते त्यांना सांगून झाले आहे’ हे वाक्य सर्वांत आधी यावे, कारण ते ऐकेपर्यंत पुढचे काहीच कोणाच्या कानात शिरत नाही. त्यानंतर कारण, निकष आणि जाणाऱ्यांना काय दिले, हे सांगावे. ज्या प्रश्नाचे उत्तर नाही त्याची नोंद करून उत्तराची तारीख द्यावी.

‘आता पुन्हा कपात होणार नाही’ असे आश्वासन देण्याचा मोह आवरावा. खरे असेल तेवढेच बोलावे : चालू आर्थिक वर्षाच्या मंजूर अंदाजपत्रकात दुसरी कपात नाही, ऑक्टोबरमध्ये आढावा होईल आणि त्याचा निष्कर्ष याच सभागृहात सांगितला जाईल. आणि मग ऑक्टोबरमध्ये सांगायला काही नसले तरी खरोखर उभे राहावे.

मनोधैर्याबद्दल बोलताना सगळे भावनांकडे वळतात. मागे राहिलेल्यांच्या मनात अपराधीपणा असतो, भीती असते, शेजारची रिकामी खुर्ची असते, हे सर्व खरे आहे. तरीही चौथ्या आठवड्यात माणूस राजीनामा देतो तो बहुधा कामाच्या ओझ्याने. आठ जणांच्या गटातून तिघे गेले की रात्रीच्या ऑन-कॉलची पाळी आठ आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांनी येते, पण क्लायंटला दिलेले वायदे मात्र आठ जणांचेच राहतात. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने एक साधा तक्ता करावा : कोणते काम बंद, कोणते पुढे ढकलले, कोणते कोणाकडे गेले. ‘बंद’ या रकान्यात एकही नोंद नसेल तर तो तक्ता परत पाठवावा. बंद केलेल्या कामाची कल्पना क्लायंटला देण्याची जबाबदारी वरिष्ठांची आहे. ती टीम लीडवर ढकलली तर काम गुपचूप चालूच राहते.

पहिल्या ४८ तासांत प्रत्येक मॅनेजरने आपल्या प्रत्येक माणसाशी वीस मिनिटे एकट्याने बोलावे, आणि स्वतः मॅनेजरशी कोणीतरी बोलावे. दिवसभरात तिघांना घरी पाठवून संध्याकाळी साडेसातच्या क्लायंट कॉलवर हसतमुखाने बसलेला मॅनेजर दोन महिन्यांनी स्वतःच निघून जातो, असे मी पाहिले आहे. महत्त्वाच्या लोकांना गुपचूप थांबण्याचा बोनस देण्याची कल्पना आकर्षक असते, मात्र पुण्यात अशी गोष्ट टपरीपासून लपत नाही. बोनस द्यायचाच असेल तर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या निकषावर, हे जाहीर ठेवावे. निनावी सर्वेक्षण पहिल्या महिन्यात नको. पाच जणांच्या गटात निनावी काहीच नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. पिझ्झा पार्टी तर नकोच.

सातवी पायरी : बाहेरचे लोक

क्लायंटला बातमी तुमच्याकडून, त्याच दिवशी आणि फोनवर कळावी. त्याच्या कामावरची कोणती माणसे बदलत आहेत आणि हस्तांतरण कसे होईल एवढेच त्याला हवे असते. वृत्तपत्रासाठी तीन-चार वाक्यांचे निवेदन पुरते : किती जागा, का, काय दिले. ‘पुनर्रचना’, ‘सुसूत्रीकरण’ असे शब्द घालून आकडा लपवला तर बातमीदार तो संघटनेकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून मिळवतो आणि मग मथळा त्यांच्या आकड्याचा होतो. लिंक्डइनवर प्रमुखांनी स्वतःच्या दुःखावर लिहू नये. २०२२ साली अमेरिकेतील एका छोट्या कंपनीच्या सीईओने कपातीनंतर रडतानाचा स्वतःचा फोटो टाकला आणि कपातीपेक्षा त्या फोटोचीच चर्चा जास्त झाली.

ॲम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोअर या, कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल मत नोंदवतात त्या संकेतस्थळांवर वाईट शेरे येणारच. एचआरमधल्या नव्या मुलांकडून पाच-पाच तारे लिहून घेण्याचा उद्योग वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो, कारण एकाच आठवड्यात आलेल्या त्या शेऱ्यांची भाषाही एकच असते. एखादा शेरा वस्तुस्थितीला धरून नसेल तर एकदाच, सभ्यपणे उत्तर द्यावे. बाकीचे राहू द्यावेत.

पुण्यात नावाचा खरा बाजार महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कार्यालयांत असतो. सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी यांसारख्या ठिकाणी कोणती कंपनी ऑफर देऊन मागे हटली, याची आठवण बॅचेस बदलल्या तरी टिकते. कपात करताना आधी दिलेल्या ऑफर मोडू नयेत. रुजू होणे लांबवावेच लागले तर नवी तारीख लेखी द्यावी, त्या काळात मुलांना दुसरीकडे अर्ज करायची मोकळीक द्यावी आणि ही बातमी प्लेसमेंट अधिकाऱ्याला मुलांच्या आधी तुमच्या फोनवरून कळावी.

एक गट सगळ्यांच्याच यादीतून निसटतो. मजला रिकामा झाला की कँटीनवाल्याची ताटे, कॅबच्या फेऱ्या आणि हाउसकीपिंगच्या बायकांच्या पाळ्याही कमी होतात. त्यांच्या कंत्राटदाराला महिनाभर आधी सांगणे आपल्या हातात असते, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची गरज नसते.

आठवी पायरी : सहा महिन्यांनी

सहा महिन्यांनी काम परत येते आणि भरती सुरू होते. ज्या पदावरून माणूस कमी केला त्याच पदाची जाहिरात नोकरीच्या पोर्टलवर झळकली की जुन्या ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट अर्ध्या तासात पोहोचतो. कपात झालेल्या कामगारांना एक वर्षाच्या आत पुन्हा भरतीत प्राधान्य देण्याची तरतूद कायद्यातही आहे. म्हणून जाहिरात टाकण्याआधी जुनी यादी काढावी आणि फोन एचआरने न करता त्या माणसाच्या पूर्वीच्या मॅनेजरने करावा. आधीचे पद, आधीची सेवा आणि रजा धरल्या जातील का, पगार किती, हे पहिल्याच फोनवर सांगावे.

बरेच जण नाही म्हणतील, कारण तोवर ते दुसरीकडे स्थिरावलेले असतात. २००९ च्या त्या खोक्यात ओळखपत्र टाकून गेलेला एक जण काही वर्षांनी आमच्या क्लायंटकडे कंत्राटे देणाऱ्या समितीवर बसलेला मला भेटला. त्याने आमच्या प्रस्तावावर नीट प्रश्न विचारले आणि बैठक संपल्यावर चहा घेता घेता एवढेच विचारले, ‘ते खोकं अजून ठेवता का हो?’